आठवी ड

एसटीत कंडक्टर म्हणून मला सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गाडीत भांडणं ऐकली, सोयरिकी जुळताना ऐकल्या, "हो, पोचलोच" असं फोनवर सांगणारे आणि अजून तीन थांबे मागे असणारे तर रोजच ऐकते. पण कोणाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून मी स्वतः उठून मागच्या बाकापर्यंत गेले, असं एकदाच झालं. बोलणारी मुलगी आठवीत शिकत होती.

तेव्हा माझ्याकडे घाटंजीची सकाळची फेरी होती. वाटेतल्या गावांवरून, एका तांड्यावरून आणि जंगलाकडच्या फाट्यावरून शाळेच्या मुली चढायच्या. अठरा-वीस जणी. त्यांचे पास असायचे, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं मला काही कारणच नव्हतं. पास दाखवा, आत सरका, दारात उभ्या राहू नका. आमचं नातं एवढंच. त्यांचा गलका मात्र अख्ख्या गाडीला पुरायचा.

एके दिवशी तो गलका एकदम बंद झाला. कपाशीला बोंडं धरली होती, म्हणजे दिवाळी जवळ आली असेल. मला वाटलं, एखादीला चक्कर आली की काय. उठून मागे गेले. तर सगळ्या मुली एकमेकींच्या अंगावर रेललेल्या, आणि मधल्या दांड्याला धरून एक लांब वेणीची, सावळी, बारीक मुलगी उभी. तांड्यावरून चढणारी. ती सांगत होती,

"मंग तिनं खोडरबर घेतला आन् वहीतला सात खोडला. खोडल्याबरोबर काय झालं? शाळेतून सातवीचा वर्गच गायब! सहावीच्या खोलीनंतर डायरेक्ट आठवीची खोली."

"आन् सातवीतले पोट्टे?" एकीनं विचारलं.

"ते व्हरांड्यात दप्तर घेऊन उभे. कुठं बसा ते समजून नाही राह्यलं त्याहिले."

"मंग सात वाजले तर?"

"वाजतच नाहीत. सहाच्या मागून आठ. हेडमास्तर रोज एक तास उशिरा."

मी दिसल्याबरोबर सगळ्यांचे हात दप्तरात गेले आणि पास बाहेर आले.

"पास राहू द्या," मी म्हटलं. "काय सांगून राह्यली ते सांग."

"गोष्ट हाय, मॅडम."

"कशाची?"

"आठवी ड ची."

त्यांच्या शाळेत आठवीच्या दोनच तुकड्या होत्या, अ आणि ब. मी विचारलं, "ड आहे तर मग क मध्ये कोण बसतं?" तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "क मध्ये काय होते, ते मलेच अजून समजलं नाही." मला तिचं हे उत्तर फार आवडलं. बाकी कोणी असतं तर काहीतरी ठोकून दिलं असतं.

त्या दिवसापासून मी तिकिटं काढायचं काम पहिल्या दोन थांब्यांतच उरकायला लागले आणि मागून तिसऱ्या बाकावर जाऊन बसू लागले.

आठवी ड ही अशा मुलांची तुकडी होती, ज्यांना एकेक जादूची शक्ती आलेली होती आणि ती त्यांना सांभाळता येत नव्हती. जिनं सात खोडला ती काही वाईट मुलगी नव्हती. ती जे खोडेल ते खरोखरच नाहीसं व्हायचं, आणि गणितात तर तिला सारखं खोडावं लागायचं. एका मुलाला उद्या विचारला जाणारा प्रश्न आजच ऐकू यायचा. तो आज त्याचं बरोबर उत्तर द्यायचा, म्हणून त्याला रोज शून्य. एक मुलगी हसली की जमिनीपासून वर उचलली जायची. थोडं हसली तर वीतभर, पोट धरून हसली तर छताला टेकायची. तिच्या दप्तरात पुस्तकांच्या खाली दगड भरलेले. वर्गशिक्षक मात्र साधे होते, त्यांना कसलीच शक्ती नव्हती. ते हजेरी घेताना एक डोळा छताकडे ठेवायचे.

तिच्या गोष्टीत राक्षस नव्हता, राजा नव्हता, कोणाला मारायचं नव्हतं. सकाळी शाळा भरते, संध्याकाळी सुटते, आणि मधल्या वेळात हे सगळे एकमेकांना सांभाळून घेतात, एवढंच. पण त्यासाठी तांड्यापासून घाटंजीपर्यंत गाडीत कोणी खोकायचं नाही. थांबा आला की ती बरोबर अशा जागी थांबायची की उतरणारीचा पाय पायरीवर अडायचा.

आमचे ड्रायव्हर भाऊ रिटायरमेंटला आलेले, तापट माणूस. सुरुवातीला ते म्हणायचे, "ताई, कायले त्या पोट्ट्यांच्या नादी लागता?" मग आठवड्याभरानं त्यांनीच आरशात बघत विचारलं, "काल ते छताले टेकली होती, ते खाली उतरली काय?" मी म्हटलं, "अजून नाही." त्यांनी गाडी जरा हळू घेतली.

एकदा तिनं नवी मुलगी आणली. हिला यंत्रांचं बोलणं ऐकू येतं. मिक्सर रडतो, पंखा शिव्या देतो, पिठाच्या गिरणीजवळून जायचं म्हटलं की ही कानात बोटं घालते. भाऊंनी पुढूनच आवाज दिला, "मंग तिले विचार, आपल्या गाडीचा दुसरा गिअर काहून अडकते?"

"उद्या सांगते, काका."

दुसऱ्या दिवशी गाडीत चढल्या चढल्या तिनं सांगितलं, "विचारलं, काका. गाडी म्हणते, माझं काही दुखत नाही. काका क्लचवरून पाय लवकर उचलतात."

अख्खी गाडी हसली. बाजाराला निघालेल्या बायाही हसल्या. भाऊंचे कान लाल झाले. दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चढावर गिअर सरकन पडला, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोट्टी बरोबर बोलली, बाप्पा." गोष्टी सुरू व्हायच्या आधी ती कित्येक महिने त्यांच्या मागच्या बाकावर बसून येत होती आणि त्यांच्या पायाकडे बघत होती, हे तोवर आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. ती सगळ्यांकडे असंच बघायची. गोष्टीत जे काही यायचं ते तिनं आधी कुठेतरी नीट पाहिलेलं असायचं.

हळूहळू बाकीच्या मुलींना वाटू लागलं की आपणही आठवी ड मध्ये असावं. "मले उडता येते असं कर," "मले गायब कर," असा गोंधळ सुरू झाला. तिनं एक नियम काढला. "शक्ती मागून भेटत नाही. आधी तुझी अडचण सांग. मंग मी पाहीन."

हा नियम तिला कुठून सुचला, देव जाणे. मुली एकेक करून अडचण सांगू लागल्या. मला तेव्हा कळलं की हसून वर जाणारी मुलगी म्हणजे तिसऱ्या बाकावरची एक गोल चेहऱ्याची. तिच्या घरी आजी म्हणते, पोरीच्या जातीनं एवढं हसू नये. एकजण म्हणाली, माझ्यामागं तीन भाऊ, घरात मले कोणी नावानं हाकच मारत नाही, 'अगं' म्हणतात. तिला अशी शक्ती मिळाली की तिनं ज्याला नावानं हाक मारली तो हातातलं काम सोडून तिच्यामागे चालू लागायचा. बाजारातून ती घरी आली तेव्हा तिच्यामागे चौदा माणसं, एक पोलीस आणि पोलिसाच्याच नावाचा एक बैल होता. सांगताना दोघीही हसत होत्या, आणि जिची अडचण होती ती जास्त हसत होती.

नियम मोडला तो तिनंच.

जंगलाकडच्या फाट्यावर एक मुलगी चढायची. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, दोन किलोमीटर चालत यायची. घरी कोलामी बोलायची, मराठी शाळेत शिकलेली. पाचवीत असताना ती काहीतरी बोलली आणि वर्ग हसला, तेव्हापासून ती वर्गात बोलत नाही, असं मुली सांगायच्या. गोष्ट चालू असताना ती सगळ्यात मागच्या कोपऱ्यातून ऐकायची. तिनं कधी शक्ती मागितली नव्हती, अडचणही सांगितली नव्हती.

एका सोमवारी गोष्टीत अशी एक मुलगी आली, जिचा आवाज भलतीकडेच ऐकू येतो. "हजेरीले ते 'हजर' म्हणते, पण वर्गात काहीच ऐकू येत नाही. तो 'हजर' तिकडं बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईच्या टोपल्यातून निघते! बाई दचकते, मिरच्या सांडतात…"

सगळ्या हसल्या. आणि हसता हसता सगळ्यांच्या माना मागच्या कोपऱ्याकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी फाट्यावरची मुलगी चढली आणि पुढच्याच बाकावर, माझ्या शेजारी बसली. खिडकीबाहेर बघत. मी विचारलं, "मागं नाही जात?" तिनं मान हलवली. तिसऱ्या दिवशीही तेच. मग गोष्टवाली पुढे आली आणि म्हणाली, "चाल ना मागं." पोडावरच्या मुलीनं दप्तर मांडीवर ओढून घेतलं.

मी गोष्टवालीला दाराजवळ बोलावलं. "तू तिले विचारलं होतं काय?"

"नाही."

"मंग तुझा नियम कोणासाठी होता?"

तिचा चेहरा उतरला. ती मागे गेली. त्या दिवशी गोष्ट झाली नाही. मुलींनी लय आग्रह केला, तर म्हणाली, "आठवी ड ले सुटी हाय. मी नियम मोडला." चार-पाच दिवस गाडी नुसतीच चालली. भाऊ चिडचिडे झाले. मलाही आपण बोललो ते जास्त झालं का, असं वाटू लागलं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती सरळ येऊन पोडावरच्या मुलीशेजारी बसली. मी त्या दोघींच्या बाजूला उभीच होते.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "तुले न विचारता घेतलं मी. तू म्हणशीन तर तुले गोष्टीतून काढून टाकते. कोणी तुझं नाव नाही काढणार."

दुसरी खिडकीकडून तिच्याकडे वळली. मग हळूच बोलली, "काढू नको. पण आवाज बाजारात नाही जात."

"मंग कुठं जाते?"

"कापसाच्या जिनिंगमधी. माय तिथं कामाले जाते."

"जिनिंगमधी काहून?"

"तिथं मशीनचा लय आवाज असते. मायले कोणाचंच ऐकू येत नाही. मुकादमाचं नाही, बाजूच्या बाईचं नाही. फक्त माझं येते."

गोष्टवाली एकदम ताठ बसली. मागून एक-दोघी उठून पुढे आल्या होत्या. "मंग? तू काय बोलते?"

"दुपारी म्हणते, माय, पाणी पी. मंग माय पाणी पिते. ते कामात विसरते."

आता सगळ्याच मुली पुढे जमल्या. मला हलायला जागा उरली नाही. समोरच्या बाकावर एक म्हातारे बाबा पोतं घेऊन बसले होते. ते कानाला हात लावून म्हणाले, "पोरी, जोरानं सांग नं व. मले ऐकू नाही आलं."

ती दचकली. मला वाटलं, आता ही मिटून जाते. पण तिनं बाबांकडे बघितलं आणि तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. "माय पाणी पिते! ते कामात विसरते!"

"हां," बाबा म्हणाले. "बरोबर हाय. पुढं?"

पुढचं तिला ठाऊक नव्हतं. गोष्टवालीनं मग ज्या पद्धतीनं विचारलं, ती मी विसरणार नाही. स्वतःचं काही घातलं नाही, फक्त विचारलं, "आन् वर्गात सरांनी प्रश्न विचारला, तर?"

"तर मी उत्तर नाही देत. वर्गात ऐकूच येत नाही, मंग कायले देऊ?" मग तिलाच काहीतरी सुचलं. "पण दिलं तर ते मायले ऐकू येते. मायले शाळा नाही भेटली. मी रोज उत्तर दिलं तर… तर मायले सगळी आठवी येऊन जाईन."

गोष्टवालीनं कपाळावर हात मारला. "व माय! हे मले काहून नाही सुचलं!"

तिच्या आवाजात जराही खोटेपणा नव्हता. आपल्यापेक्षा चांगलं दुसऱ्या कोणाला सुचलं याचा एवढा आनंद मी मोठ्या माणसांत फार कमी पाहिला आहे. घाटंजी आलं होतं. भाऊंनी गाडी लावली, पण इंजिन बंद केलं नाही. "उतरा आता," मी म्हटलं तेव्हा म्हणाले, "थांबा नं ताई, संपू द्या."

वर्गात पुढे काय झालं ते मला माहीत नाही; मी तिथं नव्हते. पण महिन्याभरानं, एकदा माझ्याकडे संध्याकाळची फेरीही आली तेव्हा, पोडावरची मुलगी चढली, माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "काकू, आज मायले प्रकाशसंश्लेषण ऐकू गेलं." आणि मागे जाऊन बसली. मॅडमची काकू मी कधी झाले, ते मला समजलंच नाही.

त्याच सुमारास गोष्टवालीनं मला विचारलं, "काकू, तुमची अडचण काय?"

मला वाटलं, लगेच सांगता येईल. दोन दिवस सांगता आलं नाही. घरचं सांगावं तर ते सगळ्यांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी म्हटलं, "माझ्याशी दिवसभर शंभर माणसं बोलतात, पण प्रत्येकजण फक्त गावाचं नाव सांगतो. दुसरं काहीच नाही."

तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी आठवी ड ची पोरं सहलीला निघाली, आणि त्यांच्या गाडीत एक कंडक्टर काकू होत्या. त्यांच्या हातचं तिकीट घेतलं की माणूस बोलला त्या गावाला उतरायचाच नाही. त्याला मनातून जिथं जायचं असेल, गाडी तिथंच थांबायची. हेडमास्तरांनी जिल्ह्याच्या मीटिंगचं तिकीट काढलं आणि ते मामाच्या गावाला नदीवर उतरले. नवऱ्याच्या गावाला निघालेली एक नवी नवरी आईच्या दारात उतरली. सगळे काकूंशी भांडायचे, आणि भांडता भांडता आपली सगळी हकीकत सांगायचे. मी हसले, मग तिकिटाच्या मशीनशी उगाच खुडबुड करत बसले. मागच्या बाकांवरून वीस जणी माझ्याकडे बघत होत्या.

शाळेच्या हस्तलिखितासाठी मराठीच्या बाईंनी तिला ही गोष्ट लिहायला सांगितली. तिनं दोन पानं लिहिली आणि मला वाचायला दिली. अक्षर सुरेख, एक चूक नाही, आणि गोष्ट पार मेलेली. 'एका शाळेत आठवी ड नावाचा वर्ग होता.' मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मले समजते काकू, नाही जमलं. लिहिताना 'मला' लिहावं लागते. 'मला' लिहिलं की पोट्टे पळून जातात."

"मंग 'मले' लिही."

"मार्क कटतात."

ही अडचण मला सोडवता येण्यासारखी नव्हती. तिनं बाईंनाच जाऊन सांगितली. बाई समजदार निघाल्या. म्हणाल्या, पोरं बोलतील तिथं 'मले' ठेव, तू सांगशील तिथं 'मला' ठेव. तिनं पुन्हा सगळं लिहिलं. या वेळी सात खोडला गेला तेव्हा मी एकटीच, डेपोच्या विश्रांती खोलीत, मोठ्यानं हसले. अजूनही मला वाटतं, ती तोंडानं सांगायची त्याची सर लिहिण्याला नव्हती. पण पोट्टे पळाले नव्हते, हे खरं.

जूनमध्ये माझी ड्युटी बदलली आणि मला लांबच्या फेऱ्या मिळाल्या. भाऊ रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी त्यांच्या हारांपेक्षा त्यांना त्या मुलींनी दिलेलं एक कार्ड जास्त आवडलं. त्यावर गाडीचं चित्र होतं आणि गाडीच्या तोंडून 'थँक्यू काका' असं लिहिलं होतं. गोष्टवाली दहावीनंतर यवतमाळला शिकायला गेली, असं कळलं. ती काय होईल ते मी सांगू शकत नाही. लेखक होईल असं म्हणणं सोपं आहे. मला तिचं कौतुक आहे ते वेगळ्या कारणासाठी: वीस पोरी तिच्या तोंडाकडे बघत असताना तिनं स्वतःची चूक मोठ्यानं कबूल केली, आणि गोष्ट दुसरीच्या हातात दिली.

मागच्या हिवाळ्यात घाटंजीच्या स्टँडवर माझी गाडी दहा मिनिटं थांबली होती. बाजाराचा दिवस, गर्दी. शेजारच्या फलाटावर गावाकडची गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या खिडकीतून एक आवाज येत होता. मी चहाचा पेला हातात घेऊन तिथं जाऊन उभी राहिले. पोडावरची मुलगी. आता उंच झालेली, ओढणी कमरेला खोचलेली, बाकाला टेकून सांगत होती. पाचवी-सहावीच्या पोरी तिच्याभोवती.

"…तर या नव्या पोरीची अडचण अशी, की तिले कोणतीच गोष्ट अर्धी सोडता येत नाही. जेवण नाही, भांडण नाही, झोप नाही. आन् शाळेची घंटा तर मधातच वाजते—"

तिनं मला पाहिलं. हात हलवला, हसली, पण थांबली नाही. त्यांच्या कंडक्टरनं घंटी दिली. गाडी निघाली तेव्हा मी चार पावलं खिडकीबरोबर चालत गेले, तरी त्या नव्या पोरीनं शाळेच्या घंटेचं काय केलं ते मला ऐकू आलं नाही.